भिंगाची निगा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या पुतण्याची मुंज झाली. छायाचित्रें घेण्याचें काम आमच्या चिरंजीवांकडे होतें. मांडवांतली धूळ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसलेली दिसतांच त्यांनीं उपरण्याच्या टोकानें तें खसाखसा पुसलें व ते कामास लागले. सायंकाळीं पाहतों तों भिंगावर केसासारखे बारीक ओरखडे, आणि खिडकीच्या उजेडासमोर घेतलेलीं छायाचित्रें धुरकट! त्यांतच आमच्या मातोश्री बटूला आशीर्वाद देत असल्याचें एक होतें. मातोश्री श्रावणांत गेल्या. तें छायाचित्र आतां पुन्हां घेतां येणें नाहीं.

चिरंजीवांस बोल लावण्यांत अर्थ नाहीं. घरोघरीं हेंच घडतें. म्हणून कारण नीट समजून घेऊं. धुळींत गारेचे कण असतात. मोस यांच्या काठिण्यमापनांत गारेचा अंक ७, तर साध्या काचेचा ५.५ च्या सुमारास. अर्थात् धुळीसकट भिंग पुसणें म्हणजे तें वाळूनें घासणेंच होय. शिवाय आधुनिक भिंगावर अतिशय पातळ लेप असतो. लेपहीन काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो वांचविणारा लेप जर्मनींतील झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं सिद्ध केला. जपावयाचें तें मुख्यतः या लेपास.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम भिंगाचें तोंड खालीं करून रबरी फुंकणीनें वारा सोडावा. तोंडानें फुंकूं नये. थुंकीचे तुषार उडतात. राहिलेले कण मऊ कुंचल्यानें झटकावे. एवढ्यावर भागलें तर थांबावें. एखाददुसरा धूलिकण छायाचित्रांत उमटत नाहीं. बोटाचा ठसा असेल तरच मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडावर भिंगासाठीं मिळणाऱ्या द्रवाचा एक थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे, गोल गोल, हलक्या हातानें पुसावें. थेंब थेट भिंगावर टाकूं नये. तो कडेनें आंत झिरपण्याचें भय असतें. उपरणें, पदर, कागदी रुमाल हीं सर्व वर्ज्य.

फिल्टर काढून दोन्ही बाजूंनीं याच क्रमानें पुसावा. तो अडकून बसल्यास कडेभोंवतीं रुंद रबर गुंडाळून हलकेच फिरवावा; बोटांनीं घट्ट आवळल्यास कडी किंचित् वाकून अधिकच रुतते. चकाकी कमी करणारा ध्रुवण-फिल्टर मात्र पाण्यांत बुडवूं नये. त्यांत दोन काचांमध्यें पातळ पटल चिकटविलेलें असतें.

पावसाळ्यांत कोंदट कपाटांत, विशेषतः चामडी पेटींत, भिंगास बुरशी लागते. त्या दिवसांत कॅमेरा हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा व अधूनमधून उजेडांत काढून वापरावा.

आमच्या कॅमेऱ्याबरोबर आतां एक फुंकणी असते. कॅमेरा आणि फुंकणी, दोन्ही आम्ही चिरंजीवांच्याच हवालीं ठेविलीं आहेत.