पाहुण्या भाषेची सनद

रायपूरच्या तात्यापाऱ्याला हे नाव ज्यांनी दिले त्यांनी ते देताना कोणा व्याकरणकाराची अनुमती घेतली असेल असे वाटत नाही. कारण ‘तात्या’ हा नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग इकडे आलेल्या घरांतला शब्द, ‘पारा’ हा या मातीतला, वस्तीवाचक, आणि या दोहोंचा समास कोणत्याही सूत्रात बसत नसला तरी जी. ई. रोडवरच्या प्रत्येक रिक्षावाल्याच्या तोंडी तो बिनतक्रार बसलेला आहे. एका भाषेच्या देहात दुसरी भाषा अशी नांदते तेव्हा कोणाचे काय बिघडते, हा प्रश्न मला अलीकडे पडला तो मात्र चौकात नव्हे, तर संगणकासमोर बसलो असताना.

संगणकाचे कारागीर ज्याला ‘लायब्ररी’ म्हणतात तिचा पुस्तकांशी संबंध नाही. अनेक प्रोग्रामांना वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून, ‘सी’सारख्या भाषेतून यंत्राच्या आकड्यांत कंपाइल करून ठेवलेला तो संचय होय. तो वेगवान असतो, परंतु एकदा घडला की दगडी बांधकामासारखा; त्यातली एक वीट बदलावयाची तर मूळ मजकूर हाती असलेल्या गवंड्याकडे जावे लागते आणि तो पुन्हा सगळी भट्टी लावतो. यावर तोड म्हणून त्या दगडी वाड्यातच एका लहान, वाचता येण्याजोग्या भाषेला बिऱ्हाड द्यावयाचे, तिचा दुभाष्या वाड्यातच ठेवावयाचा, आणि जे नियम वारंवार बदलतात ते तिच्यावर सोपवावयाचे, अशी युक्ती निघाली. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रीके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ‘लुआ’ ही भाषा रचली ती पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामांतून. तिथल्या इंजिनियरांना आपली माहिती व आपले नियम स्वतः लिहावयाचे होते, आणि तेवढ्यासाठी त्यांना सी भाषेचे पंडित करणे शक्य नव्हते. लुआ म्हणजे चंद्र. स्वतःचा प्रकाश नसलेल्या, दुसऱ्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या भाषेला याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

नागपूरकरांच्या अमदानीत छत्तीसगढच्या कारभाराची जोडणी काहीशी अशीच होती. इथला कारभार पाहणारे बिंबाजी भोसले १७८७ मध्ये वारल्यानंतर सुभेदार मुलूख पाहू लागले, परगण्यावर कमाविसदार बसला, दप्तरात फडणवीस आणि बरारपांडे आले. परंतु गावात जो गौंटिया, म्हणजे गावप्रमुख, होता तो गौंटियाच राहिला, कारण कोणत्या शेतात किती धान होते हे सुभ्यास कळण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग होता. सुभ्याच्या खजिन्याची किल्ली मात्र गौंटियाच्या कमरेला नव्हती, हेही विसरता कामा नये.

माझ्यासारख्या, हिंदीच्या शेजारात मराठी लिहिणाऱ्याला या युक्तीचा लाभ प्रत्यक्ष होतो. लिनक्स संगणकांवर भारतीय भाषा लिहिण्यासाठी ‘एम१७एन’ नावाची एक जपानी लायब्ररी वापरतात (एका लांबलचक इंग्रजी शब्दाच्या आद्यंत अक्षरांमधली सतरा अक्षरे मोजून ते नाव ठेवले आहे, आळसालाही व्याकरण असते). लायब्ररी स्वतः सी भाषेत कंपाइल केलेली. परंतु कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे सांगणारे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत, लिस्प भाषेच्या धाटणीच्या कंसांत लिहिलेले असतात. आता ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतला भेद हिंदीच्या कळपाटाला ठाऊक असण्याचे कारण नाही, आपल्याला मात्र गुरूला दक्षिणा द्यावयाची की स्वयंपाक्याला मजुरी हे त्यावरून ठरवावे लागते. आणि हा ऱ एखाद्या तक्त्यातून राहून गेला असेल तर त्या फाइलीची प्रत आपल्या घरच्या फोल्डरात ठेवून त्यात एक ओळ वाढवली की काम होते. टोकियोस अर्ज करावा लागत नाही, भट्टी लावावी लागत नाही. हे स्वातंत्र्य मला लहान वाटत नाही.

पण सोयीबरोबर जोखीम येते, आणि ती सनदेच्या मजकुरात असते. लुआच्या रचनेत एक शहाणपण आहे: यजमान प्रोग्रामाने जी कार्ये हाती दिली तेवढीच पाहुणी करू शकते, फाइल उघडण्याचा किंवा यंत्राला हुकूम सोडण्याचा अख्त्यार वेगळा, हेतुपुरस्सर द्यावा लागतो. रेडिस या माहिती साठविणाऱ्या प्रोग्रामाने २०१२ पासून लुआ स्क्रिप्टा, म्हणजे त्या भाषेत लिहिलेले मजकूर, स्वीकारले तेव्हा हा अख्त्यार त्याने दिला नव्हता. पुढे डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी रेडिसबरोबरची लुआ न वापरता आपल्या प्रणालीतली सामायिक लुआ जोडली, आणि त्या जोडणीत ‘पॅकेज’ नावाची एक वस्तू स्क्रिप्टच्या हाती शिल्लक राहिली. २०२२ मध्ये उघडकीस आले की तिच्या आधारे स्क्रिप्ट लिहिणारा थेट यंत्रालाच आज्ञा देऊ शकतो. मूळ यजमानाचा दोष नव्हता. वाडा भाड्याने देताना मागल्या दाराची किल्ली जुडग्यात तशीच राहून जावी, तसा तो प्रकार.

यावरून काही मंडळी म्हणतात की पाहुणी नकोच, किंवा ठेवावयाचीच तर तिचा मजकूरही आकड्यांत दळून लायब्ररीच्या पोटात लपवावा, म्हणजे कोणी हात लावणार नाही. पहिली सूचना निदान प्रामाणिक आहे. दुसरी मला सर्वस्वी अमान्य आहे. दळलेली स्क्रिप्ट अधिक सुरक्षित नसते. लुआच्या कर्त्यांनी २०११ च्या ५.२ आवृत्तीत अशा दळलेल्या मजकुराची तपासणी करणारा भागच काढून टाकला, कारण त्या तपासणीला चकविण्याच्या वाटा पुन्हा पुन्हा निघत होत्या. त्याऐवजी ‘केवळ वाचनीय मजकूरच घ्यावा’ असे यजमानाला बजावता येईल अशी सोय त्यांनी दिली. म्हणजे ज्यांनी भाषा घडविली त्यांनाही उघड्या कागदाचाच भरवसा वाटतो.

हा वाद केवळ कारागिरांचा असता तर मी वर्तमानपत्राची जागा अडविली नसती. परंतु नगरपालिकांत आणि तहसिलींत आज जे सॉफ्टवेअर खरेदी होते त्यात करांचे दर, सवलती, दंड यांचे नियम कोठेतरी लिहिलेले असतातच, आणि नागरिक विचारावयास गेला की खिडकीपलीकडून ‘कम्प्युटर असेच दाखवतो’ एवढेच उत्तर येते. तेव्हा खरेदीच्या करारनाम्यातच दोन कलमे घालावीत: नियमांची स्क्रिप्ट वाचनीय स्वरूपात कचेरीच्या स्वाधीन असावी, आणि तिला यजमान प्रोग्रामाने कोणकोणते अख्त्यार दिले आहेत याची यादी सोबत जोडलेली असावी. विक्रेते यावर व्यापारी गुपिताचा मुद्दा काढतील. त्यांनी आपला वाडा खुशाल कुलूपबंद ठेवावा. पण मालमत्ताकराचा जो दर जाहीर सूचनेने सगळ्या गावास कळविला जातो, तोच प्रोग्रामात शिरल्याबरोबर गुपित कसा होतो, याचा खुलासा त्यांच्याकडून एकदा लेखी मागवावा.