शाल घाला आणि कुंकू पुसा

धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' प्रकाशित झालं ते 1954 मध्ये, फाळणीच्या जखमा ओल्या असताना. नाटक हिंदी, पण 1962 मध्ये सत्यदेव दुबे यांनी ते मुंबईत रंगमंचावर उभं केलं. पुढच्याच वर्षी इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये त्याचा प्रयोग केला. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस मावळताना नाटक सुरू होतं. लढाई संपलेली आहे. उरलेत म्हातारे, बायका, वेडेपिसे झालेले सैनिक आणि रिकाम्या महालात फेऱ्या मारणारे दोन पहारेकरी.

या नाटकातला सगळ्यांत अस्वस्थ करणारा माणूस माझ्या मते युयुत्सु. हा धृतराष्ट्राचा मुलगा, पण सत्य पांडवांकडे आहे असं मानून त्यांच्या बाजूनं लढलेला. युद्धानंतर तो घरी परततो तेव्हा गांधारी त्याला शब्दांनी सोलून काढते. लोक तोंड फिरवतात. वाटेत एक जखमी, मुका सैनिक पाण्यासाठी तडफडत असतो. युयुत्सु त्याला पाणी द्यायला वाकतो आणि तो सैनिक त्याला ओळखून भीतीनं मागे सरपटत जातो, कारण त्याला अपंग केलं ते युयुत्सुच्याच बाणांनी. जिंकलेल्या बाजूच्या माणसाचा शेवट असा होतो!

पण प्रेक्षक लक्षात ठेवतो ते गांधारीला. पोटची पोरं गमावलेली ही बाई रडून गप्प बसत नाही. ती थेट कृष्णाला जाब विचारते, शाप देते. आणि कृष्ण तो शाप स्वीकारतो. 'तू राजमाता आहेस, तुला हे शोभत नाही', असं तिला कुणी सुनावत नाही. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो, बाहेर येऊन चहा पितो.

आता गावाकडे चला. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पिढ्यानपिढ्या तिथली पोरं फौजेत जातात. अशी गावं पश्चिम महाराष्ट्रात बरीच. त्यांतल्या एखाद्या गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते तेव्हा रातोरात फ्लेक्स लागतात. त्यावर जवानाचा फोटो असतो, आणि त्याच्याभोवती त्याला आयुष्यात कधी न भेटलेल्या पुढाऱ्यांचे असतात. फैरी झडतात. 'अमर रहे'च्या घोषणांनी आभाळ दणाणतं. त्या गर्दीत बाविशी-पंचविशीची एक बाई उभी असते, आणि कॅमेरे तिच्या तोंडून एकच वाक्य काढायला टपलेले असतात: मला अभिमान आहे. तिनं दुसरं काही म्हटलं तर? माझा नवरा का गेला, चूक कुणाची, असं विचारलं तर? गांधारीला टाळ्या देणारेच तिला गप्प करतील, देशद्रोहाचं लेबल लावायलाही कमी करणार नाहीत.

गर्दी पांगते. मग घरच्याच बायका तिच्या बांगड्या फोडतात, जोडवी उतरवतात, कुंकू पुसतात. स्वातंत्र्यदिनाला तिलाच व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र शेजारीणही बोलावत नाही. वीराची पत्नी म्हणून ती पूज्य आणि बाई म्हणून अपशकुनी, हे एकाच गावाला एकाच वर्षात जमतं. सगळीच घरं अशी नसतात, मान्य. पण अशी घरं कोणती, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि तरीही कुणी चकार शब्द काढत नाही.

पुढे जवानाच्या मागे मिळणाऱ्या पैशांचा प्रश्न येतो. भाऊबंद बसतात. पैसा घरातच राहिला पाहिजे, म्हणून तिनं दिराशी लग्न लावावं, असं ठरतं. तिला विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही. हा केवळ अडाणी भाऊबंदांचा दोष म्हणून हात झटकू नका. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेनं पुनर्विवाह केला की बंद व्हायचा, पण लग्न दिराशी केलं तर मात्र चालू राहायचा. ही अट सरकारनं काढली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालचा! दीडशेहून अधिक वर्षांनीही शूराची बायको सरकारदरबारी त्याच्या घराण्याची मालमत्ताच होती, आणि आपल्या राष्ट्रप्रेमाला त्यात काही खटकलं नाही.

म्हणून 'अंधा युग' पाहताना आपण गांधारीच्या बाजूला आहोत असं समजायचं सोडा. तिथले दोन पहारेकरी आठवा. समोर सगळं जळताना ते फेऱ्या घालत राहतात, कारण यातलं काहीच त्यांचं नाही. आपण त्यांच्याहूनही वाईट. त्यांना निदान आपण कशाचंच रक्षण केलं नाही हे कळत होतं. आपल्याला वाटतं, फ्लेक्स लावला, मेणबत्ती पेटवली, कर्तव्य झालं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला: पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तो कागद तुमच्याही ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. येत्या 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरेल. तो कागद बाहेर काढायला लावा, ठराव मांडा, आणि विरोधात कोण हात वर करतो त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या. तोवर त्या बाईच्या खांद्यावर शाल घालू नका.