कारखान्यातला स्क्रीन: मदतनीस की मुकादम?

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव आणि तुळजापूरला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. मोठ्या असेंब्लीचं जवळचं उदाहरण शेजारच्या लातूरचं. तिथल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला.

असेंब्लीत डिजिटल मदत म्हणजे काय? पुढचा भाग कोणत्या खणातून घ्यायचा, ते दिवा दाखवतो. बोल्ट किती आवळायचा, ते स्क्रीन सांगतो.

ही यंत्रणा घडवायला फक्त कोडिंग पुरत नाही. हातमोजे घालून टचस्क्रीन चालतो का? सूचना मराठीत आहेत का? हे कळायला विद्यार्थ्यांनी आधी स्वतः बोल्ट आवळून पाहायला हवेत.

आणि चुकांची नोंद कुणाकडे जाते? ती पगार कापायला वापरली, तर कामगार चुका लपवेल. म्हणून अशा प्रोजेक्टला मार्क देताना कामगाराचंही मत घ्यायला हवं.