निवळी पुन्हा स्वच्छ का झाली?

काही वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली. मुलगी थांबली नाही. तिने आणखी सोडा टाकला, आणखी लिंबू पिळले. थोड्या वेळाने ते पाणी पुन्हा नितळ झाले. माझ्या सहपरीक्षकांनी "प्रयोग फसला" असा शेरा मारून गुण कापले. मी पडलो भौतिकशास्त्राचा माणूस. रसायनात कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. ते मला अजून खुपते.

कारण प्रयोग फसला नव्हता, पुढे गेला होता. कार्बोनेटावर किंवा बायकार्बोनेटावर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. निवळीत तो शिरला की न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते; दुधाळपणा त्याचाच. पण वायू येतच राहिला तर पाण्यात कार्बॉनिक आम्ल होते आणि ते या कार्बोनेटाचे विरघळणारे बायकार्बोनेट करते. (निवळी दाट असेल तर पाणी पुरते स्वच्छ होत नाही, तिच्यात दुप्पट पाणी घालावे.) हे स्वच्छ पाणी उकळा, गढूळपणा परत येईल. चुनखडीच्या डोंगरांत गुहा कोरल्या जातात त्या याच क्रियेने.

"निवळी दुधाळ होते" हे पुस्तकी वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. डोळ्यांनी पाहून उरलेले अर्धे लिहिणाऱ्याचे गुण कापणे म्हणजे पाहण्याबद्दलच शिक्षा करणे होय. शिक्षकांनी "पुढे काय झाले?" असा प्रश्नच विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहापूर-मुरबाडचे शिक्षक म्हणतील, आमच्याकडे प्रयोगशाळा कुठे आहे? तक्रार रास्त आहे आणि ती मांडत राहिलेच पाहिजे. पण तोवर भातसा किंवा काळू नदीच्या काठी जाऊन पाहा. आपला काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातील पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेले आढळते. आपण सरसकट सगळ्याला गारगोटी म्हणतो. पण त्यात खरी गारगोटी असते, झिओलाइट असते आणि कॅल्साइटही असते. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लोखंडी खिळ्याने दगड खरवडा आणि भुकटीवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. गारगोटी खिळ्याला दाद देत नाही. तुमच्या हातातल्या दगडाचे उत्तर कोणत्याही गाईडात छापलेले नाही, गुरुजींनाही ते आधी ठाऊक नसते. असा प्रयोग मला फार आवडतो.

आता माझ्या विषयाची हौस. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1756 साली या वायूवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे मुख्य हत्यार होते तराजू. तुम्हीही गावातल्या सोनाराकडे विनंती करून पाहा. 4.2 ग्रॅम सोड्याची बाटली आणि भरपूर लिंबूरसाचे भांडे एकत्र तोला. मग रस हळूहळू बाटलीत ओता आणि फेस थांबल्यावर रिकाम्या भांड्यासह पुन्हा तोला. वजन 2.2 ग्रॅमच्या आसपास घटले पाहिजे. थोडा वायू रसातच विरघळून राहतो, म्हणून काहीसे कमीच. बाटलीला बूच मात्र लावू नका, फुटेल. आणि चुना डोळ्यांपासून दूर ठेवा.