मधली भिंत

घर सुधारायला काढलं तेव्हा सौ. म्हणाली, ‘‘सोपा आणि सैपाकघरातली भिंत पाडा. तुम्ही बाहेर बोलता, मी आत एकटी.’’ तिचं खरं होतं. पण तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या, भिंत दगड-मातीची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात अशाच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आमच्या पाटण तालुक्यात धक्के अजूनही बसतात. गवंडी म्हणाला, ‘‘काय होत नाही, पाडतो!’’ मी इंजिनिअर आणला. फी जड वाटली, पण भिंत राहिली. तुळयांना टेकू देऊन दार रुंद केलं, वर सिमेंट-सळईची लिंटेल टाकली, ओटा दारासमोर आणला. आता भाकरी थापताना सौ. गप्पांत असते, आणि पाण्याचा तांब्या मलाच आणायला सांगते.