सुरीसाठी हिरा!

दोस्तांनो, परवा बोथट सुरी टोमॅटोवरून सटकली ती थेट माझ्या बोटावर! बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून तीच घात करते, बरं का.

धार लावायला मी हिऱ्याची पट्टी आणली. दचकू नका! हे हिरे कारखान्यात तयार केलेले, अगदी बारीक कणांचे. निकेलच्या थराने पोलादी पट्टीवर पक्के बसवलेले. पट्टीवर आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. जाड झालेली कड पुन्हा उतरती करायची तर ४००, रोजच्या धारेला १०००. मी हावरटपणे १५० ची घेतली आणि तिने पातंच खाल्लं की हो! दोन बाजूंची, ४०० आणि १००० वाली घेतली असती तर?

आता खरी गंमत. कोन बरोबर आहे का, हे कसं कळणार? कडेला परमनंट मार्करची शाई लावायची, पट्टीवर हलकेच दोनदा घासायचं. अगदी धारेपाशी शाई उरली, तर सुरीची पाठ जरा उचलायची. जोर मात्र नको, हिरे उखडतात. घासायचं काम आईबाबांचं. भिंगातून शाई तपासायचं तुमचं!