ज्यांनी ऐकलेच नाही

ईश्वराचा न्याय मानवी न्यायाच्या मापाने मोजू नये, असा युक्तिवाद ख्रिस्ती धर्मशास्त्रातील शाश्वत नरकाच्या समर्थनार्थ वारंवार केला जातो. वरवर नम्र वाटणारा हा युक्तिवाद वस्तुतः आत्मघातकी आहे. मानवी न्यायाशी ज्याचे काहीच नाते नाही, त्याला न्याय म्हणावयाचे तरी का? मग ईश्वर न्यायी आहे, ही स्तुतीही अर्थशून्य ठरते.

हा आक्षेप आपल्याकडे नवा नाही. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' (१८३९) या संस्कृत ग्रंथाला काशीतील तरुण चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही गेले नाही, त्यांना दंड कोणत्या अपराधाचा, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. १८४८ मध्ये गोरे स्वतः ख्रिस्ती झाले. परंतु प्रश्नकर्त्याचे धर्मांतर म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे.

पुढे आजच्या चेन्नईलगतच्या तांबरम येथे डिसेंबर १९३८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या निमित्ताने वाद पुन्हा पेटला. ख्रिस्ती साक्षात्कार आणि इतर धर्म यांच्यात सातत्य नाही, असे हेंड्रिक क्रेमर यांचे प्रतिपादन होते. मद्रासच्या पी. चेंचय्या, व्ही. चक्करै या हिंदू कुळांतून आलेल्या ख्रिस्ती विचारवंतांना ते मान्य होण्यासारखे नव्हते. ज्यांचे पूर्वजच धर्माबाहेर होते, त्यांना हा प्रश्न केवळ पुस्तकी कसा वाटावा?

१९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एक गोष्ट मान्य केली. स्वतःचा दोष नसताना सुवार्तेपासून वंचित राहिलेला, परंतु सद्सद्विवेकाला अनुसरून ईश्वराचा शोध घेणारा मनुष्यही तारणास पात्र होऊ शकतो. दोषाविना दंड नाही, हे तत्त्व येथे स्वीकारले गेले. मात्र ते स्वीकारल्यावर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्याने ऐकले, प्रामाणिकपणे विचार केला आणि ज्याला पटले नाही, त्याचा दोष कोणता? न पटणे हाच अपराध असेल, तर श्रद्धा ही भीतीपोटी दिलेली कबुली ठरते.

हिंदू वाचकाने मात्र येथे समाधानाने मान डोलावू नये. मध्वाचार्यांच्या मतातही काही जीव कायमचे अंधतमसालाच जावयाचे आहेत. आणि न आठवणाऱ्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून अस्पृश्यतेचे समर्थन आपणच केले. गोऱ्यांचा प्रश्न दोन्ही परंपरांना लागू आहे. ज्याला आपला अपराधच ठाऊक नाही, त्याला दिलेल्या शिक्षेला न्याय कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?